नफ्यातले दोन टक्के आणि बांबूचा भाव

(लांब पोस्ट आहे. आपल्याच दोन जिल्ह्यांची गोष्ट आहे, म्हणून सवडीने वाचा.)

शाळा उघडल्या की आपल्याकडे वह्या वाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. पटांगणात छोटा मंडप, मागे कुठल्यातरी कंपनीच्या नावाचा फ्लेक्स, दोन-चार साहेब, एक लोकप्रतिनिधी आणि उन्हात बसलेली पोरं. भाषणात 'सामाजिक बांधिलकी' हा शब्द सात-आठ वेळा येतो. मग पोरांच्या हातात वह्या, एक फोटो, टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी.

वह्या मिळाल्या याचं वाईट वाटायचं कारण नाही. ज्या घरात चार पोरं शिकतात तिथे डझनभर वह्या म्हणजे मोठी गोष्ट असते. पण असा कार्यक्रम पाहिला की मला दरवेळी एक प्रश्न पडतो. या वहीचा कागद कशाचा झाला? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत अनेक वर्षं या प्रश्नाचं उत्तर होतं: बांबूचा. बांबू कुठला? याच पोरांच्या गावामागच्या जंगलातला. आणि तो कोणी कोणाला विचारून, काय भावाने नेला?

मोठ्या कंपन्यांची नैतिकता, सामाजिक जबाबदारी वगैरे विषयांवर आता मोठमोठ्या हॉटेलांत परिषदा होतात. आपल्याला तिथे जायची गरज नाही. हा सगळा विषय आपल्या जंगलातल्या एका बांबूच्या रांझीत सापडतो. तीच गोष्ट सांगतो.

१९४५ साली 'बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' नावाची कंपनी नोंदवली गेली. कंपनी थापर घराण्याची. १९७५ मध्ये तिचं नाव 'बल्लारपूर इंडस्ट्रीज' झालं, आपण मात्र आजही नुसतं 'पेपर मिल' म्हणतो. जागा निवडणाऱ्याला मानलंच पाहिजे. कागदाला लागतं काय? पाणी, कोळसा, वाहतूक आणि लगदा करायला लांब धाग्याचा कच्चा माल. वर्धा नदी शेजारून वाहते. कोळशाच्या खाणी गावातच. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाल्यापासून बल्लारशा दिल्ली-मद्रास मार्गावर आलेलं. आणि पूर्वेला वैनगंगेच्या पलीकडे भामरागड, एटापल्ली, धानोऱ्यापर्यंत पसरलेलं बांबूचं जंगल. हे सगळं एका जागी मिळणारी ठिकाणं देशात फार नव्हती.

गिरणीने दिलं काय, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाव होतं, त्याचं शहर झालं. तेलुगू, हिंदी, बंगाली बोलणारी माणसं आली आणि बल्लारपूरचीच झाली. कॉलनी, शाळा, दवाखाना, पक्की नोकरी, फंड, बोनस. शेतमजुराचा पोरगा फिटर झाला आणि फिटरचा पोरगा इंजिनिअर झाला. भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या तीन पिढ्या या गिरणीवर जगल्या. त्यामुळे 'कंपनी म्हणजे राक्षस' असली सोपी गोष्ट मी सांगणार नाही. ती खरीही नाही.

पण या गोष्टीला दुसरं टोक आहे, आणि ते बल्लारपुरात उभं राहून दिसत नाही. त्यासाठी धानोऱ्याच्या रस्त्याला लागावं लागतं.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. इथल्या जंगलाचा मोठा भाग जुन्या काळी जमीनदारांकडे होता. जमीनदार काही देवमाणूस नव्हता, बेठबिगारी होती, जुलूम होता. पण गावाला 'निस्तार' होता. घराला लाकूड, कुंपणाला काट्या, चुलीला सरपण, सूप-टोपलीला बांबू, पावसाळ्यात भाजीला वास्ते. हे आणायला कोणाची चिठ्ठी लागत नव्हती, किंवा लागली तर नाममात्र.

१९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. जमीनदारी गेली हे चांगलंच झालं, पण जंगल गावाकडे आलं नाही. ते सरकारकडे गेलं आणि सरकारने ते जंगल खात्याकडे दिलं. निस्ताराची नोंद कागदावर राहिली. प्रत्यक्षात गावातला माणूस आपल्याच डोंगरावर चोरासारखा जायला लागला. १९५२ चं राष्ट्रीय वननीती धोरण काढून बघा. जंगलाजवळ एखादं गाव आहे हा योगायोग, त्यामुळे देशाच्या हिताला बाध येता कामा नये, अशा अर्थाचं त्यात स्पष्ट लिहिलंय. आता 'देशाचं हित' म्हणजे काय? त्या काळच्या समजुतीप्रमाणे उद्योग, रेल्वे, कागद. नवा देश होता, शाळा काढायच्या होत्या, पुस्तकं छापायची होती. हेतूवर शंका घ्यायची गरज नाही. पण त्या हितात गोंड, माडिया, बुरूड यांचं हित कुठल्या रकान्यात धरलं होतं, ते शोधून सापडत नाही.

अशा वातावरणात पेपर मिलला जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळाला. करार कोणात झाला? सरकार आणि कंपनीत. दर कोणी ठरवला? सरकार आणि कंपनीने. ज्या गावाच्या शिवेतला बांबू, ते गाव या करारात कुठेच नव्हतं. गावाचा संबंध आला तो मजूर म्हणून. बांबू तोडायचा, मोजून बांधायचा, ट्रकवर चढवायचा आणि ठेकेदार देईल ती मजुरी घ्यायची.

आणि दर? त्या काळी देशभर कागद गिरण्यांना बांबू बाजारापेक्षा कमी दराने मिळत होता. सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातलं, उत्तर कन्नडमधल्या दांडेलीच्या पेपर मिलचं. माधव गाडगीळांनी सत्तरच्या दशकात तिथल्या बांबूचा अभ्यास केला. त्यांनी दाखवलं की १९५८ च्या सुमारास त्या गिरणीला बांबू मिळत होता टनाला दीड रुपयाने. टनाला, बरं का. तोच बांबू बाजारात बुरडाला कितीतरी पट भावाने घ्यावा लागत होता. म्हणजे ज्याच्याकडे यंत्रं, भांडवल आणि मंत्र्यापर्यंत पोच, त्याला फुकटाच्या भावात. ज्याच्याकडे फक्त कोयता आणि दोन हात, त्याला महाग.

गाडगीळांना तिथे आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला दराहून महत्त्वाची वाटते. बांबू कमी होत चालला होता. गिरणी आणि जंगल खातं म्हणायचे, लोकांची गुरं आणि लोकांची तोड याला कारणीभूत आहे. गाडगीळ जंगलात जाऊन बघतात तर गिरणीचे मजूर तोड सोपी जावी म्हणून रांझीच्या बुडाशी असलेलं काटेरी जाळं साफ करत होते. तेच जाळं कोवळ्या कोंबांना गुरांपासून वाचवायचं. गावातल्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

बांबूचं गणित साधं आहे. पावसाळ्यात नवे कोंब येतात. त्यांना हात लावायचा नाही. जुने काढायचे, काही जुने आधाराला ठेवायचे, कोंब मोडायचे नाहीत. असं केलं तर रांझी तुमच्या नातवालाही बांबू देते. पण तोडणाऱ्याला नगावर मजुरी आणि ठेकेदाराला टनावर पैसे असतील, आणि पुढच्या वर्षी त्या जंगलात पुन्हा येण्याची कोणाला खात्रीच नसेल, तर जुना-नवा कोण बघतो? हातात येईल तो कापला जातो. माल स्वस्त असला की तो जपून वापरायचं कारणही उरत नाही. स्वस्त भाव आणि उजाड रांझी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

या सगळ्यात मधल्या मधे भरडला गेला बुरूड. धान उफणायला सूप, पेरणीला टोपली, धान्याला ढोली, घराला ताटवे. शेतकऱ्याचं एकही काम त्याच्यावाचून होत नव्हतं. त्याला मात्र हिरवा बांबू मिळवायला परवाना, डेपोची वाट, आणि डेपोत उरलेला माल. ट्रकच्या ट्रक बल्लारपूरला जाताना तो रस्त्याच्या कडेला उभा राहून बघायचा. याला 'चोरी' आणि त्याला 'उद्योग' म्हणायचं, हे कायद्याने ठरवलं होतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात २०१७ पर्यंत बांबू 'झाड' या व्याख्येत घातलेला होता. वनस्पतिशास्त्र सांगतं बांबू हे गवत. पण गवत म्हटलं तर गावाचा हक्क सांगता येतो. झाड म्हटलं की खात्याचा.

१९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून नक्षलवादी या भागात आले. त्यांनी सुरुवातीला हात घातला तो तेंदू आणि बांबूच्या मजुरीला. ज्या प्रश्नाकडे सरकार, कंपनी, ठेकेदार कोणीच बघत नव्हतं त्या फटीतून बंदूक आत आली. पुढे तिने काय केलं, किती आदिवासी आणि किती पोलीस मेले, ते आपण सगळे जाणतो. पण फट कोणी ठेवली होती, हेही विसरू नये.

धोरण बदलायला १९८८ साल उजाडलं. त्या वर्षीच्या नव्या राष्ट्रीय वननीतीत लिहिलं गेलं की जंगलालगतच्या लोकांच्या गरजा आधी. उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या मदतीने स्वतः उगवावा. आणि सवलतीच्या दराने उद्योगांना वनउपज देण्याची पद्धत बंद व्हावी. बघा, सरकारने स्वतःच कागदावर कबूल केलं की सवलत होती आणि ती चुकीची होती. पुढे पेपर मिलनेही शेतकऱ्यांकडून सुबाभूळ, निलगिरी लावून घ्यायला सुरुवात केली. हे पाऊल चांगलं होतं, फक्त चाळीस वर्षं उशिरा पडलं.

आता मेंढ्याला येऊ. गडचिरोली-धानोरा रस्त्यावरचं मेंढा (लेखा), गोंडांचं छोटंसं गाव. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, तिथून या गावात विचार सुरू झाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी गावात अभ्यास गट चालवला आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची पद्धत पाडली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची.

मेंढ्याच्या जंगलातला बांबूही पेपर मिलच्या करारात होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावाने ठरवलं की आता ही तोड होऊ द्यायची नाही. कोणाला मारलं नाही, ट्रक जाळले नाहीत. गाव एकत्र बसलं आणि म्हणालं, आम्हाला विचारल्याशिवाय नाही. तोड थांबली. एवढी मोठी कंपनी, एवढं मोठं खातं आणि समोर जेमतेम पाचशे वस्तीचं गाव!

१९९६ मध्ये पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रात गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेची, असं तो म्हणतो. पण बांबू 'गौण' की 'झाड' हा घोळ तसाच ठेवला गेला. तो सुटला २००६ च्या वनहक्क कायद्यात. त्यात बांबू गौण वनउपज आहे असं स्वच्छ लिहिलं. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आलं.

झालं? नाही झालं. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो जंगल खात्याच्या हातात. खातं म्हणे, बांबू झाड आहे. कायदा संसदेने केला होता, तरी खात्यासाठी १९२७ चं पुस्तकच खरं! दोन वर्षं हा वाद चालला. २१ मार्च २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनउपज असल्याचं कळवलं. आणि २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

विचार करा, एका परवाना पुस्तकासाठी केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्र्यांना धानोरा तालुक्यात यावं लागलं. पण त्या दिवसानंतर मेंढ्याचा बांबू मेंढ्याने विकला, स्वतः ठरवलेल्या भावाने. ज्या जंगलातून गावाला आजवर फक्त मजुरी मिळत होती, त्याच जंगलाने ग्रामसभेच्या खात्यात कोटीच्या घरातली रक्कम आणली. बांबू तोच होता, जंगल तेच आणि तोडणारे हातही तेच. बदललं फक्त भाव ठरवणारं माणूस.

दुसरं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये या गावाला १००६ हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडायचे नियम गावाने स्वतः केले. नवे कोंब तोडायचे नाहीत, वास्ते खायलासुद्धा काढायचे नाहीत. तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, म्हणून तेंदूचं उत्पन्नच सोडून दिलं. चांगला पैसा देणारं पीक! जंगलाचा एक भाग देवाच्या नावाने तोडीतून पूर्ण बाहेर ठेवला. हे कुठल्या सल्लागार कंपनीच्या अहवालात लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षीही आपल्यालाच इथे राहायचंय, हे ज्याला माहीत आहे तो असाच वागतो.

आता पुन्हा वह्यांच्या कार्यक्रमाकडे येऊ.

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. जिथे कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं. यालाच आपण सीएसआर म्हणतो. असा खर्च कायद्याने बंधनकारक करणाऱ्या पहिल्या काही देशांत भारत आहे. याशिवाय २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आहे. त्यात जुन्या पट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांनी १० टक्के रक्कम भरायची. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. हा पैसा नीट वापरला जातोय का, हे विचारणं आपलं काम आहे.

पण या कायद्याची एक खुबी लक्षात घ्या. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. बरोबरच आहे, नाहीतर सगळ्यांनी पगारच सीएसआरमध्ये दाखवले असते. पण याचा दुसरा अर्थ असा की कच्चा माल कोणाकडून, काय भावाने, कोणाला विचारून घेतला, हा प्रश्न सीएसआरच्या हिशेबात येतच नाही. नफा कसा झाला हे हा कायदा विचारत नाही, झालेल्या नफ्याचं पुढे काय केलं एवढंच विचारतो.

एक साधं गणित करू. आकडे समजुतीपुरते घेतो. समजा बांबूचा बाजारभाव १०० रुपये आहे आणि कंपनीला तो २० रुपयांना मिळाला. ८० रुपये वाचले. सगळा खर्च जाऊन तिला नफा झाला ५० रुपये. त्याचे २ टक्के म्हणजे १ रुपया. आता ८० रुपये गेले ज्या गावाचे, त्या गावात १ रुपयाच्या वह्या वाटल्या, फोटो काढला आणि वर गावाकडून आभाराचं भाषणही करून घेतलं. याला दान म्हणायचं की उधारीतला एक हप्ता?

आपल्याच भागात याचा विचार फार आधी झाला होता. इथून जवळच, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. जे. सी. कुमारप्पा तिथे बसून हातकागद बनवण्यापासून तेलघाणीपर्यंत प्रयोग करत होते. वस्तूच्या पैशातल्या किमतीत तिची खरी किंमत दिसत नाही, ती कशी बनली, कोणाच्या कष्टावर आणि कोणाच्या नुकसानीवर बनली ते बघावं लागतं, हा त्यांच्या सगळ्या मांडणीचा गाभा. गांधीजी धनवानाला विश्वस्त म्हणायचे. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. ठेवीतला थोडा भाग ठेवीदारालाच देणगी म्हणून देणाऱ्याला विश्वस्त म्हणत नाहीत, त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

पेपर मिलची गोष्ट पुढे कुठे गेली? मूळ कंपनी, बल्लारपूर इंडस्ट्रीज, कर्जात बुडाली आणि २०२० च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बल्लारपूरची गिरणी तोवर त्याच गटातल्या वेगळ्या कंपनीकडे होती, त्यामुळे ती त्यातून वाचली. पण मूळ कंपनीवर दावा सांगायला बँका रांगेत उभ्या राहिल्या. दिवाळखोरीच्या यादीत बँका असतात, पुरवठादार असतात, कामगारही असतात. ज्या जंगलाने वर्षानुवर्षं कमी भावात माल दिला त्याचं येणं कुठल्याच यादीत नसतं.

ही जुनी गोष्ट आज का सांगतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बांबूचं पान उलटलं आणि लोखंडाचं पान उघडलंय.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा लॉयड्स मेटल्सला मिळाला. हा डोंगर माडियांच्या ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २०१३ मध्ये नक्षलवाद्यांनी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यासह माणसं मारली, २०१६ च्या डिसेंबरात पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली. त्याने डोंगर वाचला नाही. उलट झालं असं की शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या साध्या माणसावरही संशयाचा शिक्का बसला. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांची परवानगी मिळाली.

कंपनी काय करते तेही सांगतो. कोनसरीत पोलाद कारखाना, दवाखाना, शाळा, स्थानिकांना नोकऱ्या, अगदी कामगारांना कंपनीचे शेअरसुद्धा. बांबूच्या काळात गावाच्या मजुराला शेअर द्यायचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. हा बदल आहे आणि तो मोजला पाहिजे. ज्या पोराला गावाजवळ महिन्याचा पगार मिळतोय त्याला डोंगराच्या गप्पा सांगायला आपण कोण?

पण प्रश्न तोच जुना आहे. विचारलं का? त्या १ कोटी टनांच्या वाढीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीत, जिल्हाधिकारी कार्यालयात. सुरजागडपासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. खाणीच्या पायथ्याच्या माणसाने ऐन दिवाळीच्या आठवड्यात, धान कापणीच्या तोंडावर, दिवसाची मजुरी बुडवून तिथे यायचं, आत जायला मिळालं तर बोलायचं. परिसरातल्या ग्रामसभांचे विरोधाचे ठराव कागदावर आहेत. ज्या जिल्ह्यात हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, देशात ज्याचं उदाहरण देतात, त्याच जिल्ह्यात ही परिस्थिती.

आणि विचारल्यावर 'नाही' म्हणायची मोकळीक नसेल तर ते विचारणं नसतं, ते कळवणं असतं.

आता थोडं आपल्याबद्दल. कंपनीला नीतीचे धडे देताना ग्रामसभेचा हिशेब झाकून ठेवता येणार नाही. आज कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा लिलाव स्वतः करतात. काही ठिकाणी ठेकेदाराने रक्कम थकवली आणि गाव हात चोळत बसलं. काही ठिकाणी दोन-चार हुशार माणसांनीच सही-शिक्का सांभाळला आणि बाकी गावाला भाव कळलाच नाही. सरकार आणि कंपनी बंद खोलीत दर ठरवायचे, ते चूक होतं. गावातल्या चार जणांनी बंद खोलीत ठरवला तरी ते तेवढंच चूक आहे. मेंढ्याची ताकद त्या १८०० हेक्टरमध्ये कमी आणि सगळ्यांसमोर हिशेब मांडण्यात जास्त होती.

आणि आपण शहरातले? पगारदार, पत्रकार, मास्तर, वकील? फ्लेक्सवर आपलं नाव आलं की आपण खूश. कंपनीच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जातो, शाल-श्रीफळ घेतो, परत येतो. चंद्रपूर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत ८३.८८ गुणांनी देशातलं चौथं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. तेव्हाही आपल्या शहरात वृक्षारोपणाचे कार्यक्रम जोरात चालू होते. झाडं लावू नका म्हणत नाही. पण रोप देणाऱ्या हाताला चिमणीबद्दल एक प्रश्न विचारायची आपली हिंमत का होत नाही?

म्हणून माझं साधं म्हणणं आहे. यापुढे कुठल्याही कंपनीच्या सामाजिक बांधिलकीच्या कार्यक्रमाला गेलात तर जरूर टाळ्या वाजवा, वह्या घ्या, पाण्याची टाकी घ्या, रुग्णवाहिका घ्या. ते आपल्या हक्काचं आहे. पण जाताना दोन प्रश्न सोबत न्या. एक, इथून जे नेताय त्याचा भाव कोणी ठरवला? दोन, ज्यांच्या शिवेतून नेताय त्यांना विचारलं होतं का आणि ते काय म्हणाले होते? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट आली तर ती कंपनी जबाबदार. मग तिने एकही वही वाटली नाही तरी चालेल. आणि उत्तरं आली नाहीत तर अख्खा ट्रक भरून वह्या वाटल्या तरी हिशेब बाकीच आहे.

तुमच्या गावात बांबूच्या तोडीचा, डेपोचा, बुरडांच्या कामाचा जुना अनुभव असेल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काही आठवत असेल, तर खाली नक्की लिहा. पेपर मिलमध्ये ज्यांची हयात गेली त्यांनीही लिहा. दोन्ही बाजू आपल्याच आहेत. आपला इतिहास आपण लिहिला नाही तर तो कंपनीच्या वार्षिक अहवालात, गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोंसकट लिहिला जाईल. आणि तो कागदही बहुतेक आपल्याच जंगलाचा असेल.

जोहार. जय सेवा.